गर्द ते एमडी : व्यसनाची चार दशके आणि सुटकेनंतरचा काळ

महाराष्ट्रात मादक द्रव्यांची चर्चा बहुधा एखाद्या मोठ्या जप्तीच्या बातमीने सुरू होते आणि आरोपपत्र दाखल होण्याच्या आतच विरून जाते. किती किलो माल सापडला, बाजारात त्याची किंमत किती कोटी, कोणाला बेड्या पडल्या, एवढ्यावर ती थांबते. ज्याच्यापर्यंत ती पुडी अखेर पोहोचते त्या माणसाच्या शरीरात, घरात आणि पुढच्या दहा वर्षांत काय घडते, याकडे ती क्वचितच वळते. गेल्या चार दशकांचा अनुभव एकत्र ठेवून पाहिला तर असे दिसते की द्रव्ये बदलत गेली, ती बनवणारे आणि विकणारे बदलले, घेणाऱ्यांचे वयही खाली आले. परंतु जिवावर बेतणारी वेळ अनेकदा पदार्थ सुटल्यानंतरच्या काही आठवड्यांत येते, ही गोष्ट बदलली नाही, आणि नेमक्या त्याच वेळी कुटुंब, दवाखाना व सरकार हे तिघेही आपले काम झाले असे समजून बाजूला होतात, हेही बदलले नाही. व्यसनाच्या धोक्यांविषयी बोलताना या टप्प्याचा विचार सर्वांत कमी होतो, म्हणून या लेखाचा भर त्यावर आहे.

मुंबईचा अफूशी संबंध गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, लाटेहून फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध ताब्यात घेतल्यावर कराचीमार्गे होणारी चोरटी निर्यात बंद पडली आणि हा व्यापार अधिकच मुंबईकडे वळला. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. पुढे गिरणगावातही अफू होती, पण तिचे रूप निराळे होते. पाळीवर जाणाऱ्या कामगार बाया तान्ह्या मुलांना अफू घातलेल्या बाळगोळ्या देत, कारण मूल गुंगीत राहिले तरच आईला साच्यावर उभे राहता येई. यात चैनीचा लवलेशही नव्हता. बारा-बारा तासांची मजुरी आणि मूल सांभाळायला घरात कोणी नसणे, हे त्यामागचे कारण होते. मादक द्रव्य माणसाच्या आयुष्यात अनेकदा अशाच एखाद्या अडचणीवरचा तोडगा म्हणून शिरते आणि मग स्वतःच मुख्य अडचण होऊन बसते, हे पुढच्या सगळ्या लाटांमध्येही दिसते.

अफू म्हणजे खसखशीच्या कच्च्या बोंडाला चीर दिल्यावर पाझरणारा आणि वाळून घट्ट होणारा चीक. त्यातील वेदनाशामक घटक जर्मन औषधनिर्माता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळा काढला, तो मॉर्फिन. १८७४ मध्ये लंडनमध्ये सी. आर. ऑल्डर राइट या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनवर प्रक्रिया करून आणखी तीव्र संयुग तयार केले आणि १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून ‘हेरॉइन’ या नावाने बाजारात आणले. ब्राऊन शुगर हे याच हेरॉइनचे अर्धवट शुद्ध केलेले, तपकिरी रंगाचे आणि भेसळीचे रूप असून महाराष्ट्रात ते ‘गर्द’ या नावाने ओळखले गेले. पांढऱ्या हेरॉइनपेक्षा ते स्वस्त असते आणि पन्नीवर तापवून त्याचा धूर ओढता येतो. सुईची भीती वाटणाऱ्या पोरांनाही ते जवळचे वाटले, याचे कारण हेच.

१९७९ हे वर्ष या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या सीमाभागातून पश्चिमेकडे जाणाऱ्या तस्करीच्या जुन्या वाटा विस्कटल्या. मालाला भारताच्या बंदरांतून वाट काढून देण्यात आली आणि वाटेवरच्या शहरांत तो सांडू लागला. १९८०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत, आणि पाठोपाठ पुण्यात, गर्दची पुडी गल्लीबोळांत मिळू लागली. याच काळात, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो औपचारिकपणे कधी संपलाच नाही. संपामुळे गर्द आला असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण महाविद्यालयांतील सुखवस्तू मुलेही त्याच सुमारास त्याच्या आहारी जात होती. मात्र ज्या चाळींमध्ये वडिलांचा पगार थांबला होता आणि थोरल्या मुलाला गिरणीत चिकटवण्याची आशा मावळली होती, तेथे या पुडीला प्रतिकार करणारे फार थोडे उरले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

गर्द शरीरात काय करतो हे समजून घेतल्याशिवाय व्यसनी माणसाचे वागणे कळत नाही आणि ते न कळल्यामुळे त्याच्याविषयी केवळ संताप उरतो. मेंदूमध्ये वेदना शमवणारी स्वतःची रसायने असतात; त्यांना एंडॉर्फिन म्हणतात, आणि ती ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील विशिष्ट जागांवर, जाऊन बसतात तेथेच अफूवर्गीय पदार्थही बसतात, पण कितीतरी अधिक जोराने. त्यातून मेंदूच्या समाधानाच्या यंत्रणेत डोपामाइन हे रसायन एरवी जेवणाने, मायेच्या सहवासाने किंवा कामाच्या यशाने कधीच स्रवणार नाही इतके स्रवते. काही दिवसांतच मेंदू या पुराशी जुळवून घेतो, आपल्या ग्राहींची संवेदनशीलता कमी करतो, आणि तोच परिणाम मिळवण्यासाठी अधिक मात्रा लागू लागते. याला सहनक्षमता वाढणे म्हणतात. काही महिन्यांनी मजा म्हणावी अशी गोष्टच उरत नाही. पुडी लागते ती केवळ बरे वाटावे, अंथरुणातून उठता यावे, म्हणून.

ती मिळाली नाही तर जे होते त्याला वस्तीत ‘टर्की’ म्हणतात. शेवटच्या मात्रेनंतर सहा ते बारा तासांत जांभयांवर जांभया येऊ लागतात, नाक-डोळे वाहू लागतात, उकाड्यातही अंगावर काटा उभा राहतो. मग हाडे आतून कोणी पिळावीत तशी दुखतात, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब सुरू होतात, पाय आपोआप झटकले जातात आणि झोप पूर्णपणे उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळे शिगेला पोहोचते आणि आठवड्या-दहा दिवसांत ओसरते. टर्कीने निरोगी माणूस सहसा दगावत नाही, पण त्या तासांत तो कोणताही शब्द मोडू शकतो. घरातून वस्तू जाण्याचा क्रम व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या सर्वांना पाठ असतो : आधी कोणाच्या लक्षात येणार नाही असा माळ्यावरचा तांब्या किंवा पितळी डबा, मग भावाचे घड्याळ, मग भरलेला गॅस सिलिंडर, आणि शेवटी डाळीच्या डब्यात पुरून ठेवलेले बायकोचे मंगळसूत्र. चोरी करणाऱ्यालाही तिची लाज असते, आणि ती लाज विसरण्याचा त्याला ठाऊक असलेला उपायही तीच पुडी असते.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. गर्दची टर्की सहसा जीव घेत नाही म्हणून सर्वच पदार्थ घरात कोंडून एकदम तोडता येतात, असा समज अनेक कुटुंबांत असतो आणि तो घातक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची मोठी मात्रा घेणाऱ्याच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर आकडी येऊ शकते. दारूच्या बाबतीत हातापायांचा थरकाप, भ्रम, भास आणि तीव्र गोंधळ यांची अवस्था येऊन माणूस दगावूही शकतो. ही तोडणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

आता मूळ मुद्द्याकडे. टर्की उतरली, शरीर स्वच्छ झाले, की घरच्यांना वाटते लढाई जिंकली. प्रत्यक्षात या काळात वाढलेली सहनक्षमता झपाट्याने उतरलेली असते. महिनाभर केंद्रात किंवा तुरुंगात राहून बाहेर आलेल्या माणसाने एखाद्या संध्याकाळी जुन्या मित्राच्या आग्रहाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर पूर्वी जे शरीर ती पेलत होते तेच आता ती पेलू शकत नाही. अफूवर्गीय पदार्थ मेंदूतील श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण मंदावतात. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, घोरल्यासारखा आवाज येतो, ओठ निळसर होतात आणि श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशा मृत्यूंचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. ज्या दिवशी घरात पेढे वाटले जातात त्या दिवसापासून खरी जोखीम सुरू होते, आणि ही गोष्ट त्या घराला बहुतेक वेळा कोणी सांगितलेली नसते.

पुन्हा वळण्याचे कारण केवळ शरीरात नसते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९७०च्या दशकात केलेला अभ्यास या संदर्भात आजही मोलाचा आहे. युद्धभूमीवर सुमारे एक पंचमांश सैनिक अफूवर्गीय पदार्थांच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. पदार्थ तोच, शरीरे तीच. बदलली ती जागा, सोबत आणि रोजचे जगणे. मुंबई-पुण्याच्या तरुणाला ही सोय नसते. त्याला परत जायचे असते ते त्याच चाळीत, त्याच नाक्यावर, जेथे पुडी विकणारा त्याला नावाने हाक मारतो आणि शेजारी त्याला ‘गर्दुल्ला’ म्हणूनच ओळखतात.

महाराष्ट्रात जागेचे आणि सोबतीचे हे महत्त्व आरंभीच ओळखून काम करणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले आणि योगाला उपचारात स्थान दिले. पुण्यात लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातील मुलांना भेटून, त्यांच्या घरी जाऊन लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्या केंद्राची सूत्रे अवचटांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी हाती घेतली. १९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत टिकली, आणि पुढे हे काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळले.

या पद्धतीचे वेगळेपण असे की तेथे रुग्णाला कैदी मानले गेले नाही. औषधांनी टर्की सुसह्य करण्याचे काम आरंभीच्या काही दिवसांचे. त्यानंतरचा बराच काळ गटचर्चा, व्यायाम, केंद्रातील कामे, समुपदेशन आणि स्वतःविषयी खरे बोलण्याचा सराव यांत जातो. पूर्वी याच वाटेने गेलेले आणि आता सावरलेले लोक तेथे कार्यकर्ते म्हणून काम करतात, त्यामुळे नव्याने आलेल्याच्या सबबी त्यांना ऐकण्याआधीच ठाऊक असतात. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारूमुक्तांच्या स्वमदत चळवळीचे ‘फक्त आजचा दिवस’ हे सूत्रही येथे रुळले : आयुष्यभराची शपथ माणसाला दडपून टाकते, एका दिवसाचा निश्चय मात्र पेलता येतो. आणि केंद्रातून घरी गेल्यावरचा नियमित पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला गेला, शेपूट नव्हे.

रुग्णांच्या पत्नींसाठी मुक्तांगणने ‘सहचरी’ हा गट चालवला, त्याचे महत्त्व अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. वर्षानुवर्षे नवऱ्याच्या खिशाची झडती घेणारी, कामावर त्याच्या आजारपणाचे खोटे निरोप देणारी, त्याची उधारी गुपचूप फेडणारी बाई नकळत व्यसनाला आधार देत असते, आणि ते करता करता स्वतः झिजते. अशा गटात तिला प्रथमच सांगितले जाते की नवऱ्याच्या पिण्याचे कारण ती नाही, त्याची उधारी फेडणे हे तिचे कर्तव्य नाही, आणि तो परत घरी आला की त्याच्यावर चोवीस तास पाळत ठेवण्यानेही तो वाचणार नाही. हे ऐकणे सोपे नसते. सासरच्या माणसांसमोर ते अमलात आणणे तर त्याहून अवघड असते, म्हणूनच तिला एकदाच सल्ला देऊन भागत नाही. तिच्यासारख्याच बायकांचा कायमचा घोळका तिच्या पाठीशी लागतो.

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले? गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे प्रचलित नावाने एनडीपीएस कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. २००१ च्या दुरुस्तीने अल्प मात्रा आणि व्यापारी मात्रा असा भेद करून शिक्षेची पायरी ठरवण्यात आली. हेरॉइनसाठी अल्प मात्रेची मर्यादा ५ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा २५० ग्रॅम आहे. सेवन हा कलम २७ खाली गुन्हा आहे, तरी याच कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते, मात्र उपचार अर्ध्यावर सोडल्यास ते काढून घेता येते. आणि कलम ३९ न्यायालयाला दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवण्याची मुभा देते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. कागदावर एवढे सगळे आहे. तरीही व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना कोंडून मारहाण करणारी घरे चालतात आणि हताश आईबाप पैसे भरून मुलाला तेथे सोडून येतात, कारण जवळपास दुसरे काही नसते. उपचारात आडकाठी आणणारे व्यसनाविषयीचे अज्ञान जितके घातक, तितकाच मारहाणीने व्यसन सुटते हा समजही घातक आहे, आणि अशी मारहाण कायद्याने गुन्हा असूनही समाजाला अजून गुन्हा वाटत नाही.

गर्द मागे पडला नाही, पण त्याच्या बाजूला बरेच काही येऊन बसले. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, मुंबईच्या वस्त्यांतील ‘बटन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या, मालेगाव-धुळ्याकडे ‘कुत्ता गोळी’ या नावाने बदनाम झालेले अल्प्राझोलाम हे चिंताशामक औषध, रेल्वे स्थानकांवरच्या मुलांच्या हातातल्या रुमालावरचे व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन : यांतले बहुतेक दुकानात मिळते, त्याला सीमेपलीकडून आणावे लागत नाही. आणि मग आला एमडी, म्हणजे मेफेड्रोन. पूर्व आफ्रिका व येमेनमध्ये चघळल्या जाणाऱ्या खात या पानातील कॅथिनोन या द्रव्याशी नाते सांगणारा हा कृत्रिम उत्तेजक १९२९ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाला होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो युरोपात पार्ट्यांमध्ये पसरला आणि पुढे मुंबईत ‘म्याव म्याव’ या नावाने उतरला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो एनडीपीएस कायद्याच्या यादीत येईपर्यंत त्याच्या विक्रेत्यांवर या कायद्याखाली कारवाईच करता येत नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणलेल्या प्रकरणात दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत धागा गेला आणि एकूण जप्ती दीड हजार किलोंहून अधिक झाली. अफूसाठी शेत लागते, ऋतू लागतो, सीमा ओलांडावी लागते. एमडीला रसायनांचे पिंप, एक भाड्याची शेड आणि ते काम जाणणारा माणूस पुरतो, आणि हे तिन्ही महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यात हाताशी आहे.

एमडीचा घात वेगळ्या रीतीचा आहे. त्याची उत्तेजना थोड्याच वेळात ओसरते, म्हणून एकाच रात्री पुन्हा पुन्हा घेतले जाते. झोप आणि भूक मरते, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, आणि काहींना आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे असा पक्का संशय जडतो. सोडल्यावर गर्दसारखी उलट्या-जुलाबांची टर्की नसते. असते ती खोल उदासी, सुस्ती आणि पदार्थाची जिवाला लागलेली ओढ. त्यामुळे घरच्यांना मुलगा अभ्यासाने थकला आहे एवढेच वाटते, आणि आत्महत्येचा विचार त्याच्या मनात घोळत असेल याची कल्पनाही येत नाही. गर्दवर ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे उपलब्ध आहेत. जिभेखाली ठेवायची ही गोळी टर्की आणि ओढ आवरते, झिंग मात्र फारशी आणत नाही, आणि शासकीय केंद्रांत ती देखरेखीखाली दिली जाते. मेफेड्रोनसाठी असे सिद्ध औषध नाही. तेथे सगळा भार समुपदेशनावर, सोबतीवर आणि वेळेवर पडतो, म्हणजे ज्या गोष्टींची आपल्या सरकारी व्यवस्थेत सर्वाधिक वानवा आहे त्यांवर.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने ही वानवा आकड्यांत मांडली. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. सुमारे २ कोटी २६ लाख अफूवर्गीय पदार्थ वापरतात आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना त्या वापरामुळे मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो, तर बेकायदा द्रव्यांवर अवलंबून असलेल्यांत रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेल्यांचे प्रमाण २० जणांमागे एक आहे. हुंगण्याच्या पदार्थांचा वापर प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळला, हा निष्कर्ष सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. दारू घेणाऱ्यांत पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के आढळल्या. पण व्यसनी स्त्रीला घर दार बंद करून लपवते आणि तिच्यासाठी निवासी केंद्रेही मोजकीच आहेत, हे लक्षात घेता स्त्रियांचा आकडा वाचताना सावध राहायला हवे.

केंद्रातून किंवा तुरुंगातून परतणाऱ्या माणसाच्या हाती पडणारा कागद आज बहुतेक ठिकाणी फक्त औषधांच्या नावांचा असतो. त्यावर आणखी काही ओळी असाव्यात अशी मागणी या क्षेत्रातील जाणकारांनी लावून धरायला हवी : पुढच्या भेटीची तारीख, १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती मदतवाहिनी, सहनक्षमता उतरल्यामुळे जुनी मात्रा आता जीवघेणी ठरते ही स्पष्ट सूचना, आणि घरच्यांसाठी हे की माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल किंवा ओठ निळे पडले असतील तर त्याला उताणे न ठेवता कुशीवर वळवावे, १०८ वर फोन करावा, गर्द घेतल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. नॅलोक्सोन हे औषध अफूवर्गीय पदार्थाला ग्राहीवरून हटवून काही मिनिटांत श्वास परत आणू शकते, आणि असा प्रसंग ज्यांच्यासमोर ओढवण्याची शक्यता आहे त्या कुटुंबीयांच्या व मित्रांच्याही हाती ते असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली आहे. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक अशा वेळी दवाखान्यात जायला कचरतात आणि त्या अर्ध्या तासात जीव जातो, म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात नॅलोक्सोन असणे आणि तेथे आणलेल्या रुग्णाकडे आधी रुग्ण म्हणून पाहिले जाईल याची हमी असणे, या दोन्ही गोष्टी एकाच आदेशात याव्या लागतील.